पायातल्या मुंग्यांचा माग

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सेंट पॉल नावाचे शहर आहे. हिवाळ्यात तिथला पारा उणे वीसच्याही खाली जातो. २००८ नंतर या शहरातल्या दवाखान्यांत एक नवाच रुग्णवर्ग दिसू लागला. ही माणसे नेपाळी बोलत, नेपाळहून आलेली असत, पण नेपाळची नव्हती. ती मूळची भूतानची. तक्रारी तशा साध्या वाटाव्यात अशा: फार थकवा येतो, पाय जड होतात, चालताना तोल जातो आणि हातापायांत ‘झमझम’ होते. हा शेवटचा शब्द दुभाष्याची पंचाईत करणारा. मराठी माणसाला मात्र तो समजावून सांगावा लागणार नाही. आपण त्याला मुंग्या येणे म्हणतो.

मुंग्या येतात म्हटल्यावर कोणताही डॉक्टर आधी नसांचा विचार करणार. मधुमेह आहे का, बी-१२ जीवनसत्त्व कमी आहे का, हे पाहणार. पण नेपाळच्या खेड्यांत काम केलेल्या संशोधकांनी याच झमझमची आणखी एक बाजू नोंदवली आहे. नैराश्यात असलेली अनेक माणसे तिथे ‘उदास वाटते’ असे न सांगता अंगात झमझम होते असे सांगतात. म्हणजे तक्रार एक आणि तिची मुळे दोन. एका रुग्णाला जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनची गरज, दुसऱ्याला मन मोकळे करायला जागेची, आणि काहींना दोन्हींची. यातली निवड चुकली तर दोन्हीकडे नुकसान मोठे. बी-१२च्या अभावाने नसांना झालेली इजा फार काळ दुर्लक्षित राहिली तर पुढे कितीही औषध दिले तरी ती पूर्ण भरून येत नाही. आणि नैराश्य ओळखायचे राहिले तर काय होऊ शकते, हे या समाजाने पुढे पाहिलेच.

हे रुग्ण सेंट पॉलला पोहोचेपर्यंत त्यांच्या निर्वासितपणाला सतरा-अठरा वर्षे झाली होती. त्यांच्या आजाराचा माग काढायचा तर तेवढे मागे जावे लागते.

दक्षिण भूतानच्या उतारांवर नेपाळी भाषक शेतकरी पिढ्यानपिढ्या राहत होते. त्यांना ल्होत्साम्पा म्हणजे दक्षिणेकडचे म्हणतात. संत्र्यांच्या बागा, वेलदोडा, भातशेती आणि गुरे हा त्यांचा संसार. १९८५च्या नागरिकत्व कायद्यानंतर १९८८ मध्ये शिरगणती झाली, तेव्हा १९५८ सालची शेतसाऱ्याची पावती दाखवा, असे त्यांना सांगण्यात आले. तीस वर्षांपूर्वीचा कागद ज्यांच्याकडे नव्हता, ते परके ठरू लागले. शाळांतून नेपाळी भाषा गेली, विशिष्ट पोशाखाची सक्ती झाली, निदर्शने झाली, धरपकड झाली. १९९० नंतर माणसे हजारोंनी बाहेर पडली किंवा घालवली गेली. भूतान आणि नेपाळ यांची सीमा एकमेकांना कुठेच लागत नाही, मध्ये भारत आहे. तो पट्टा ट्रकमधून ओलांडून ही माणसे पूर्व नेपाळच्या झापा जिल्ह्यात, माई नदीच्या काठी येऊन पडली.

नदीकाठची ती वस्ती म्हणजे बांबू, प्लास्टिकचे कागद आणि उघड्यावरचे पाणी. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक यंत्रणा आणि मदत संस्था पोहोचल्या आणि आजार-मृत्यूंची नोंद सुरू झाली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत दर दहा हजार माणसांमागे दिवसाला १.१५ पर्यंत मृत्यू आढळले. आकडा छोटा वाटतो. पण दहा हजारांमागे रोज एक मृत्यू ही आणीबाणीची रेषा मानतात, आणि ही वस्ती तिच्या पलीकडे होती. माणसे कशाने जात होती? गोवर, जुलाब आणि श्वसनाचे संसर्ग. यातला एकही आजार भूतानचा खास म्हणावा असा नव्हता. गोवर तर जगातल्या कुठल्याही गर्दीत शिरतो. अर्धपोटी, ‘अ’ जीवनसत्त्व कमी असलेल्या आणि लस न मिळालेल्या मुलांच्या गर्दीत तो जीव घेतो, एवढाच फरक.

म्हणूनच इलाजही अवघड नव्हता. गोवराची लस, ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस, क्षारसंजीवनी, न्यूमोनियावर वेळेत औषध आणि कॉलरा किंवा रक्ती आवेचा रुग्ण दिसताच धावपळ. हे सगळे नीट लागू झाल्यावर चार महिन्यांत मृत्युदर तीन चतुर्थांशांनी खाली आला. निर्वासित आजार घेऊन येतात, अशी यजमान देशांत नेहमीच ओरड असते. २०१७च्या अखेरीस बांगलादेशातल्या रोहिंग्यांच्या छावण्यांत घटसर्प पसरला तेव्हाही ती झाली. तिथेही कारण तेच होते. वर्षानुवर्षे लसीकरण न पोहोचलेली मुले एकाएकी दाटीवाटीने राहू लागली होती.

झापा आणि शेजारच्या मोरंग जिल्ह्यात मग सात छावण्या उभ्या राहिल्या. बेलडांगी हे त्यांतले मोठे नाव. एक लाखाहून अधिक माणसे तिथे राहत होती. पाणी, संडास, लसीकरण, शाळा या सगळ्यांत या छावण्या नमुनेदार म्हणून दाखवल्या जात. पुढचा भाग समजून घेताना हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे जे झाले ते अनास्थेच्या छावणीत नव्हे, तर बऱ्यापैकी नीट चालवलेल्या छावणीत झाले.

छावणीतल्या माणसाला नेपाळमध्ये कायदेशीरपणे नोकरी करता येत नव्हती. जमीन नाही, गुरे नाहीत. जे खायचे ते शिध्यातून. शिधा म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम तांदूळ, थोडी डाळ, तेल, साखर, मीठ. पोट भरत होते. कॅलरींची बेरीज जुळत होती. पण शरीराचा हिशेब कॅलरींवर संपत नाही. प्रत्येक जीवनसत्त्वाचा शरीरात वेगळा साठा असतो आणि तो संपायला लागणारा वेळही वेगळा असतो.

सगळ्यांत आधी संपते ते थायमिन, म्हणजे बी-१. त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ हेच मुख्य अन्न असेल आणि डाळ-भाजी बेताची, तर हे जीवनसत्त्व पुरत नाही. तांदळाच्या कोंड्यात ते असते आणि कोंडा गिरणीत राहतो. पाय सुजतात, पोटऱ्या दुखतात, दम लागतो, हृदय थकते. अंगावर पिणारे तान्हे बाळ तर काही तासांत दगावू शकते. हा बेरीबेरी. क्रिस्तियान आयकमन या डच डॉक्टरने जावा बेटावर लष्करी रुग्णालयातल्या कोंबड्यांना पांढऱ्या भातावर लुळ्या पडताना आणि कोंड्यासकट तांदूळ दिल्यावर उठून चालताना पाहिले, ते १८९०च्या दशकात. त्यासाठी त्याला १९२९ मध्ये नोबेल मिळाले. त्या कोंबड्यांना जे कळले होते ते शंभर वर्षांनी छावणीचा शिधा ठरवणाऱ्यांना पुन्हा शिकावे लागले. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात भूतानी छावण्यांत बेरीबेरीचे रुग्ण दिसू लागले आणि ताज्या भाज्या-फळांच्या अभावी स्कर्व्हीचेही.

यावरचा उपाय कोकणातल्या आणि गोव्यातल्या प्रत्येक जुन्या घरात होता: उकडा तांदूळ. भात टरफलासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडला की कोंड्यातले थायमिन दाण्याच्या आत मुरते. नंतर कोंडा काढला तरी त्यातले बरेचसे दाण्यातच राहते. आजारी माणसाला उकड्या तांदळाची पेज देण्यामागे पूर्वजांनी जीवनसत्त्वांचा अभ्यास केला होता असे नाही, पण रोज उकडा भात खाणारी वस्ती बेरीबेरीपासून बरीच सुरक्षित राहते हे खरे. छावण्यांच्या शिध्यात पांढऱ्या तांदळाच्या जागी उकडा आला. भाज्याही आल्या. जीवनसत्त्वे मिसळलेले मिश्र धान्याचे पीठही वाटले जाऊ लागले. बेरीबेरी ओसरला.

मग १९९९ मध्ये ते पीठ सगळ्यांसाठीच्या शिध्यातून बाहेर पडले. त्यानंतरच्या काही महिन्यांत ओठांचे कोपरे फाटण्याच्या, तिथे चिरा पडून जखमा होण्याच्या तक्रारी कित्येक पटींनी वाढल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये किशोरवयीन मुलामुलींची पाहणी झाली, तेव्हा चारांपैकी एकापेक्षा जास्त जणांच्या ओठांना अशा चिरा होत्या. रक्तात रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ कमी असलेल्यांचे प्रमाण तर ऐंशी टक्क्यांच्याही पुढे गेले होते. ओठ फाटल्याने कुणी मरत नाही, म्हणून याची बातमीही होत नाही. पण मुलांचे ओठ शिध्याच्या यादीतला बदल इतक्या लवकर आणि इतक्या ठळकपणे दाखवत होते, हे विसरण्यासारखे नाही. यादीतली एक ओळ खोडली गेली आणि ती हजारो चेहऱ्यांवर उमटली.

बी-१२चा मामला याच्या नेमका उलट आहे. त्याची रोजची गरज सुमारे अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे नखावर धरले तरी दिसणार नाही इतकी. आणि यकृतातला साठा काही वर्षे पुरेल एवढा. म्हणून ते बंद झाले तरी लगेच काही होत नाही. दोन वर्षे, चार वर्षे माणूस धडधाकट. मग हळूहळू रक्त कमी होऊ लागते, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, तळपायांखाली कापूस असल्यासारखे वाटते, अंधारात तोल जातो, विसरायला होते, चिडचिड वाढते. हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच ते येते. छावणीतल्या शिध्यात यातले काहीही नव्हते. शिवाय डाळी आणि भाज्यांतून फॉलेट भरपूर मिळत असेल तर रक्तातली खूण झाकली जाते आणि नसांचे नुकसान मात्र आतल्या आत चालू राहते.

ल्होत्साम्पांत सगळेच काही शाकाहारी नव्हते. गावी असताना घरचे दूध-दही होते, बोकड होता, कोंबडी होती. छावणीत ती चैन झाली. तिथेच जन्मलेल्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. आईच्याच शरीरात बी-१२ बेताचे, त्यामुळे बाळाला जन्मतः मिळणारी शिल्लकही तुटपुंजी.

पुणेकर वाचकाला यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे शहर, तिथल्या झोपडपट्ट्या आणि आसपासची खेडी यांतल्या ४४१ पुरुषांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते. म्हणजे हा अभाव व्हायला छावणीच लागते असे नाही. पण पुण्यातला माणूस रोज एक पेला दूध वाढवू शकतो, गोळी विकत घेऊ शकतो, मनात आले तर अंडे खाऊ शकतो. बेलडांगीतल्या माणसाच्या ताटात काय असेल हे दुसऱ्या देशातल्या एखाद्या बैठकीत ठरत होते.

२००७च्या अखेरीस ठरले की भूतान या माणसांना परत घेत नाही, नेपाळ सामावून घेत नाही, तेव्हा इतर देशांनी त्यांना वाटून घ्यावे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्स आणि ब्रिटन हे ते आठ देश. पुढच्या बारा वर्षांत एक लाख दहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यातली नव्वद हजारांच्या वर एकट्या अमेरिकेत. निघण्याआधी प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होई. छातीचा एक्स-रे, संशय आल्यास क्षयासाठी थुंकीची तपासणी, काही लैंगिक आजारांची चाचणी. जंतांची गोळीही दिली जाई.

या यादीकडे नीट पाहिले तर ती कुणाच्या काळजीने केली आहे ते कळते. तपासणी मुख्यतः यजमान देशाला धोका होऊ नये म्हणून आहे. तिची परंपराही जुनी. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उतरणाऱ्या प्रत्येकाची पापणी उलटून खुपऱ्या पाहत, आणि संशयिताच्या कोटावर खडूने अक्षर लिहून त्याला रांगेबाहेर काढत. संसर्ग सीमेवर रोखण्यात गैर काही नाही. क्षयाची कसून तपासणी तर रुग्णाच्याही फायद्याचीच, कारण उपचार लवकर सुरू होतात. पण जो आजार पसरत नाही, फक्त त्याच माणसाला आतून पोखरतो, त्याला या यादीत जागा नव्हती. बी-१२ पसरणारे नाही. त्यामुळे सतरा वर्षे डाळ-भातावर काढलेला माणूस ‘प्रवासास योग्य’ असा शिक्का घेऊन विमानात बसत होता.

कमतरता उघड झाली ती अमेरिकेतल्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांमुळे. एकामागून एक भूतानी रुग्णांत रक्तक्षय आणि नसांची लक्षणे दिसली, तेव्हा त्यांनी तिथल्या रोग नियंत्रण केंद्राला, म्हणजे सीडीसीला कळवले. २०११ मध्ये सीडीसीने तीन ठिकाणचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निघण्यापूर्वी घेतलेल्या ९९ रक्तनमुन्यांपैकी ६३ मध्ये, म्हणजे ६४ टक्क्यांत, बी-१२ कमी होते. अमेरिकेत पोहोचल्यावर तपासलेल्या ६४ जणांत १७, आणि सेंट पॉलच्या एका दवाखान्यात तपासलेल्या ६० जणांत १९ जणांना ही कमतरता होती. कारण म्हणून पहिले बोट छावणीतल्या आहाराकडे गेले. जठरातल्या हेलिकोबॅक्टर या जिवाणूचा संसर्ग अशा वस्त्यांत सर्रास असतो. तो अन्नातून बी-१२ शोषले जाण्यात अडथळा आणतो, म्हणून त्याचाही वाटा असावा असे मानले गेले. येणाऱ्या प्रत्येक भूतानी निर्वासिताला बी-१२ची गोळी द्यावी, आहाराचा सल्ला द्यावा आणि लक्षणे दिसतील त्याची तपासणी करावी, असे ठरले. गोळी स्वस्त आहे. अडचण एवढीच की ती काही वर्षे आधी, छावणीतच देता आली असती.

झमझमची दुसरी बाजू याच सुमारास अधिक भीषण रूपात समोर आली. फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या तीन वर्षांत अमेरिकेत स्थायिक झालेल्या भूतानी निर्वासितांत १६ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांचे वार्षिक प्रमाण लाखामागे २०.३ निघाले, जेव्हा अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकसंख्येत ते १२.४ होते. छळ, हकालपट्टी, छावणीतली वर्षे यांतून तगून निघालेली माणसे सुरक्षित देशात आल्यावर असे का करतात, हा प्रश्न तपास करणाऱ्यांपुढे होता.

चार राज्यांतल्या ४२३ प्रौढांशी बोलून सीडीसीच्या पथकाने जे मांडले ते विचार करायला लावणारे आहे. नैराश्याची लक्षणे २१ टक्क्यांत होती, चिंतेची १९ टक्क्यांत. पण भूतकाळातल्या आघातातून येणारा जो मानसिक विकार निर्वासितांच्या बाबतीत सगळ्यांना आधी आठवतो, त्याची लक्षणे पाच टक्क्यांहूनही कमी जणांत होती. लोकांनी सांगितलेल्या अडचणी आजच्या होत्या. भाषा येत नाही, असे ७७ टक्के म्हणाले. मागे राहिलेल्या कुटुंबाची काळजी ५७ टक्क्यांना होती. ताटातूट, सणवार आणि धर्माचे आचार पाळता न येणे या तक्रारी ४३-४३ टक्क्यांच्या. आणि आत्महत्येचे विचार मनात येण्याशी ज्या गोष्टींचा संबंध दिसला, त्यांत घरचा कमावता नसणे ही एक होती, आधाराला कुणी नाही असे वाटणे आणि घरातले तंटे याही होत्या.

या आकड्यांमागचे घर डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. सून गोदामात रात्रपाळीला, मुलगा हॉटेलात भांडी धुवायला, नातवंडे शाळेत. पासष्टीचा आजोबा, जो गावी संत्र्यांची बाग राखत होता आणि छावणीतही चारचौघांत बसत होता, तो दिवसभर बंद सदनिकेत. खाली उतरला तर पाट्या वाचता येत नाहीत, डॉक्टरकडे जायचे तर नातवाची शाळा बुडवायची. विमानाच्या तिकिटाचे पैसेही बिनव्याजी कर्ज म्हणून दिलेले, ते हप्त्यांनी फेडायचे. ज्यांना गरिबांसाठीची नेहमीची योजना लागू होत नसे, त्यांची उपचारांची सरकारी मदत त्या काळी आठ महिन्यांत संपे. डोक्यावर छप्पर आहे, पोट भरलेले आहे, आणि तरी करण्यासारखे काही नाही.

अशा माणसाला ‘तुम्हाला नैराश्य आहे का’ असे विचारून उत्तर मिळत नाही. नेपाळी बोलण्यात ‘मन’ आणि ‘दिमाग’ या वेगळ्या गोष्टी आहेत. मन दुखते, मनाला लागते, हे चारचौघांत सांगता येते. पण दिमाग बिघडला म्हणजे माणूस वेडा झाला, घराण्याची अब्रू गेली, पोरीचे लग्न अडले. ब्रँडन कोर्ट आणि इयन हार्पर या अभ्यासकांनी २००८ मध्ये हा भेद तपशीलवार मांडला. मराठीतही काही वेगळे नाही. ‘मन लागत नाही’ म्हणणारी बाई ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ चला म्हटले की गप्प होते. दुभाष्याने मानसिक आजार या अर्थी दिमागाचा शब्द वापरला, तर मुलाखत तिथेच संपते. ‘तुमच्या मनात काय चालले आहे’ असे विचारले तर ती सुरू होते. (आपल्याकडे अशा अवस्थेत ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते.)

सीडीसीच्या त्या अहवालानंतर समाजातल्याच लोकांना मानसिक प्रथमोपचाराचे शिक्षण देण्याचे प्रयत्न झाले. पुरोहित, मंडळांचे कार्यकर्ते, शिकलेली तरुण मुले यांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवले गेले. ओहायोतले कोलंबस, पेनसिल्व्हेनियातले पिट्सबर्ग आणि हॅरिसबर्ग अशा शहरांत अनेक कुटुंबे आपणहून एकत्र येऊन राहिली. सरकारी वाटपात जिथे ठेवले तिथून बिऱ्हाड हलवून नातेवाईकांच्या शेजारी गेली. कुठे जुन्या शेतकऱ्यांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे मिळाले, तिथे मोहरीचा पाला, मुळे, मिरच्या लागल्या. हे उपाय कुठल्या औषधाच्या चिठ्ठीवर येत नाहीत, पण ज्या गोष्टी नसल्याचे त्या ४२३ जणांनी सांगितले होते, नेमक्या त्याच यातून थोड्याफार परत येतात. ही घडी बसते न बसते तोच २०२५ मध्ये गुन्ह्यांची नोंद असलेल्या काही भूतानी निर्वासितांना अमेरिकेने भूतानला परत पाठवले. भूतानने त्यांना ठेवून घेतले नाही, आणि त्यांतले काही पुन्हा झापातल्या छावणीच्या दाराशी आले. त्याची धास्ती घेतलेली घरे आता कोलंबसपासून हॅरिसबर्गपर्यंत आहेत.

दरम्यान आहाराची गोष्ट उलट्या टोकाला गेली आहे. मोजून मिळणारा तांदूळ आता गोण्यांनी मिळतो. तेल, साखर, गोड पेये स्वस्त. चालणे संपले, कारण सगळीकडे गाडीने जायचे आणि बाहेर बर्फ. आईच्या पोटात आणि बालपणी ज्या शरीराने टंचाई पाहिली, त्याला पुढे विपुलता झेपत नाही, हे पुण्याच्याच संशोधनाने जगाला दाखवले आहे. अंगाने किरकोळ दिसणाऱ्या दक्षिण आशियाई माणसातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर येतो. म्हणून अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बॉडी मास इंडेक्स २५ ऐवजी २३ झाला की करावी, अशी शिफारस केली. भूतानी कुटुंबांतल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांत रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढलेली सापडू लागली आहेत.

मधुमेह झाला की बहुतेकांना पहिले औषध मिळते ते मेटफॉर्मिन. चांगले, जुने, स्वस्त औषध. फक्त ते बरीच वर्षे घेतले तर आतड्यातून बी-१२ शोषले जाणे कमी होते. मधुमेहानेही पायांच्या नसा जातात. त्यामुळे आज साठीच्या एखाद्या भूतानी बाईने पायात झमझम होते म्हटले तर ती छावणीतल्या डाळ-भाताची असू शकते, वाढलेल्या साखरेची असू शकते, साखरेवरच्या गोळीची असू शकते, किंवा मनाची. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्रही असतात. आपल्याकडे दहा वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि दूधही टाळणाऱ्या माणसालाही हे तसेच्या तसे लागू आहे, आणि त्याच्या बी-१२ची तपासणी अनेकदा झालेलीच नसते.

सीडीसीने भूतानी निर्वासितांसाठी डॉक्टरांना जी माहितीपत्रिका दिली, तिच्यात रक्तक्षय, बी-१२ची कमतरता आणि मानसिक आरोग्य या तीन गोष्टींना अग्रक्रम आहे. अनुभवी डॉक्टर रक्त तपासायला पाठवण्याआधी चार प्रश्न विचारून घेतात. छावणीत किती वर्षे होता? आता दूध, अंडी, मांस खाता का? साखरेची गोळी कधीपासून चालू आहे? आणि घरातले सगळे कामाला गेल्यावर दिवसा तुमच्याजवळ कोण असते?